खोली क्रमांक १४ आम्हाला परत द्या : व्यवस्थापन मंडळास खुले पत्र

प्रति,
माननीय अध्यक्ष, सचिव आणि सर्व सन्माननीय सदस्य,
व्यवस्थापन मंडळ, जि. सांगली

सप्रेम नमस्कार.

संस्थेचं नाव मी मुद्दाम लिहिलेलं नाही. मी याच संस्थेत शिकले, तिची चारचौघांत नाचक्की करायची माझी इच्छा नाही. ज्यांना कळायचं त्यांना कळेल. तरीही पत्र खुलं ठेवलं आहे, कारण जूनपासून मी तीन अर्ज दिले. तिन्हींवर शिक्का पडला, आवक क्रमांक पडला, पोच मिळाली. उत्तर मिळालं नाही. चौथा अर्ज देण्यापेक्षा आता सगळ्यांसमोर बोललेलं बरं, असं वाटलं.

खोली क्रमांक १४ मध्ये सात वर्षं दर शनिवारी दुपारी विभागातली मुलं आणि मी खगोलशास्त्राचा अभ्यास करायचो. झालं ते थोडक्यात सांगते. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात भौतिकशास्त्र विभागाच्या फलकावर सूचना लागली. खोली क्रमांक १४ अकरा महिन्यांच्या कराराने एका खासगी स्पर्धा परीक्षा वर्गाला अभ्यासिकेसाठी दिली आहे, विभागाने तीन दिवसांत साहित्य हलवावं. त्याच कागदावर खाली दुसरी ओळ होती : खगोलभौतिकीचा ऐच्छिक पेपर विद्यार्थीसंख्या अपुरी असल्याने यंदापासून बंद. तीन दिवसांची मुदत होती, पण हमाल दुसऱ्याच दिवशी आले. शनिवारी दुपारी मी नेहमीप्रमाणे पोचले तेव्हा दाराला नवं कुलूप होतं. आमच्या सरांनी २०१८ साली निवृत्त होताना माझ्या हातात दिलेली किल्ली मी दोनदा फिरवून बघितली. तोपर्यंत मागे सहा मुलं येऊन उभी राहिली होती.

मी कोण, हेही सांगायला हवं. मी २०१४ साली याच विभागातून बी.एस्सी. झाले. एम.एस्सी.ला नंबर लागला होता, पण त्याच वर्षी वडिलांना अर्धांगवायूचा झटका आला आणि थोरली म्हणून मी नोकरी धरली. आज एका पतसंस्थेत रोखपाल आहे. शनिवारी आमचा अर्धा दिवस असतो. दोनला कॅश जुळली की निघायचं, अडीचला खोली उघडायची, साडेपाचला बंद करायची. साडेपाच यासाठी, की तासगाव-पलूसकडच्या मुलींची एसटी चुकली तर घरचे पुढच्या शनिवारी पाठवत नाहीत. सात वर्षं असं चाललं. मानधन कुणी दिलं नाही, मी मागितलं नाही, आजही मागत नाही.

त्या खोलीत चार संगणक होते. दोन माजी विद्यार्थ्यांनी दिलेले, एक विभागाचा, एक मी हप्त्यावर घेतलेला. एक आठ इंची दुर्बीण, एक लाकडी कपाट. आणि एक भिंत.

भिंतीबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण आपल्यापैकी कुणी ती जवळून पाहिली असेल असं मला वाटत नाही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी त्या खोलीत शिरलं. दुर्बीण आणि संगणक आम्ही आदल्या रात्री वरच्या मजल्यावर चढवले होते म्हणून वाचले. पाणी उतरल्यावर गाळ खरवडायला चार दिवस लागले. भिंतीवर छातीएवढ्या उंचीला एक तपकिरी रेघ राहिली, ती कशानेही जाईना. मग मुलांनी त्या रेघेवरच मोजपट्टी आखली. प्रकाशाच्या तरंगलांबीची. एक मायक्रॉनला, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाला, एक फूट.

दाराच्या चौकटीपाशी शून्य. पहिल्या फुटाच्या आतच, चार बोटांच्या रुंदीत, जांभळ्यापासून तांबड्यापर्यंतचे सगळे रंग संपतात. माणसाच्या डोळ्याला मिळालेली जमीन तेवढीच. त्यापुढे खिडकीपर्यंत सगळा अवरक्त प्रकाश, म्हणजे तांबड्याच्या पलीकडचा, आपल्याला न दिसणारा. खोली २८ फूट लांब, आणि जेम्स वेब अवकाश दुर्बीण साधारण २८ मायक्रॉनपर्यंतच पाहू शकते. हा योगायोग, पण नवीन आलेल्या मुलाला आम्ही आधी दारात उभं करायचो, चार बोटं पट्टीवर ठेवायला लावायचो आणि मग खिडकीपर्यंत चालत जायला सांगायचो. अवरक्त दुर्बीण कशाला हवी, हे समजावायला त्याहून जास्त काही बोलावं लागत नसे.

त्या पट्टीवर लाल नेलपॉलिशच्या दोन खुणा होत्या. एक साधारण सहा इंचांवर, दुसरी साडेतीन फुटांच्या जरा पुढे. दोन्ही हायड्रोजनच्या एकाच रेषेच्या. रेषा म्हणजे त्या वायूच्या प्रकाशातली एक ठरलेली तरंगलांबी. प्रयोगशाळेत ही रेषा ०.४८६ मायक्रॉनवर दिसते. जे ०१००+२८०२ नावाच्या क्वेसारमधून (क्वेसार म्हणजे फार दूरचा, फार तेजस्वी ठिपका, पुढे नीट सांगते) निघालेली तीच रेषा आपल्यापर्यंत पोचते तेव्हा ती ३.५६ मायक्रॉनवर असते. जवळजवळ १,२९० कोटी वर्षं तो प्रकाश वाटेत होता. तेवढ्या काळात विश्व ७.३ पट ताणलं गेलं आणि प्रकाशाची लाटही त्याच्यासोबत ताणली गेली. यालाच ताम्रसृती म्हणतात. पुस्तकात ती एका ओळीत येते. आमच्याकडे ती सहा इंचांपासून साडेतीन फुटांपर्यंत हात फिरवून कळायची.

आता ती भिंत पांढरी आहे. पुराची रेघसुद्धा रंगाखाली गेली.

सन्माननीय सदस्यांनो, या खोलीत काय चालायचं हे आपल्याला कुणी नीट सांगितलंच नसेल, असं मी धरून चालते. म्हणून सांगते.

क्वेसार म्हणजे दूरच्या दीर्घिकेच्या, म्हणजे अब्जावधी ताऱ्यांच्या समूहाच्या, मध्यभागी बसलेलं अजस्र कृष्णविवर. त्यात ओढला जाणारा वायू आत पडण्याआधी गरगरा फिरतो, तापतो आणि आजूबाजूच्या अब्जावधी ताऱ्यांना झाकून टाकेल इतका उजळतो. दिसायला मात्र साधा ठिपका. १९६३ मध्ये खगोलशास्त्रज्ञ मार्टिन श्मिट यांनी ३सी २७३ या ठिपक्याच्या वर्णपटातल्या, म्हणजे प्रकाश रंगांत पसरवल्यावर मिळणाऱ्या पट्ट्यातल्या, अनोळखी रेषा ओळखल्या. त्या हायड्रोजनच्याच होत्या, फक्त १६ टक्क्यांनी तांबड्याकडे सरकलेल्या. म्हणजे तारा नव्हेच, दोनशे कोटी प्रकाशवर्षांच्याही पलीकडचं काहीतरी. हा क्वेसार आमच्या आठ इंची दुर्बिणीतून दिसतो. एका एप्रिलमध्ये आम्ही तो आटपाडीला, एका विद्यार्थिनीच्या घराच्या माळवदावरून पाहिला. तिकडचं आभाळ अजून काळं आहे. कन्या राशीत शोधायला पाऊण तास गेला. तिची आजी वर आली, डोळा लावला, बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "एवढंसंच?" आम्ही सांगितलं, आजी, हा उजेड निघाला तेव्हा जमिनीवर झाड नव्हतं, जनावर नव्हतं, माणूस तर नव्हताच. आजी पुन्हा डोळा लावून बसल्या. खाली चहा निवून गेला.

पण ३सी २७३ हा जवळचा. खरे दूरचे क्वेसार, विश्वाच्या पहिल्या शंभर कोटी वर्षांतले, अशा दुर्बिणीतून दिसत नाहीत. त्यांचा प्रकाश ताणून ताणून अवरक्तात गेलेला असतो, आणि जमिनीवरून अवरक्तात पाहणं म्हणजे गुऱ्हाळात चुलवणाशेजारी उभं राहून लांबच्या वस्तीवरचा दिवा शोधणं. हवा स्वतःच ऊबदार असते, म्हणून ती स्वतःच अवरक्तात चमकते. वर हवेतली वाफ बराचसा प्रकाश गिळून टाकते. दुर्बिणीचा आरसा, नळी, सगळंच त्या प्रकाशात उजळलेलं. म्हणून दुर्बीण वर न्यावी लागते आणि थंड ठेवावी लागते. १९८३ मध्ये आयरास ही अवरक्त दुर्बीण अवकाशात गेली. २००३ मध्ये स्पिट्झर गेली, ती २०२० पर्यंत चालली. स्पिट्झरचा आरसा ८५ सेंटिमीटरचा, आपल्या त्या खोलीच्या दारातून आडवा जाईल एवढा. तेवढ्या आरशाने २०१० मध्ये दोन असे प्राचीन क्वेसार दाखवले की ज्यांच्याभोवती तापलेली धूळच सापडली नाही. विश्व इतकं नवं, की धूळ साठायलाही वेळ मिळाला नसावा.

मग जेम्स वेब. २५ डिसेंबर २०२१, संध्याकाळी ५ वाजून ५० मिनिटं. शनिवारच होता. त्या दिवशी साडेपाचचा नियम मोडला आणि एका मुलीच्या वडिलांना मी स्वतः फोन करून परवानगी मागितली. फ्रेंच गयानातून ती दुर्बीण घेऊन एरियन ५ रॉकेट उडालं तेव्हा अकरा जण एका पडद्यासमोर उभे होते. पुढचे पंधरा दिवस मुलं रोज विचारायची, ताई, आज काय उलगडलं? टेनिसच्या मैदानाएवढी पाच पदरी सावली उलगडली. सोन्याचा मुलामा दिलेले १८ तुकडे जुळून साडेसहा मीटरचा आरसा झाला. पृथ्वीपासून १५ लाख किलोमीटरवर, त्या सावलीआड, ती दुर्बीण शून्याखाली २२० अंशांपेक्षाही थंड असते. चुलवणापासून लांब.

आणि आता तो भाग, ज्यासाठी हे पत्र लिहिते आहे.

जे ०१००+२८०२ पहिल्यांदा ओळखला गेला तो चीनच्या युन्नान प्रांतातल्या २.४ मीटरच्या दुर्बिणीवर. २०१५ मध्ये तो जाहीर झाला. मोठमोठ्या दुर्बिणींच्या मानाने ती किरकोळच. नंतर वेबने त्याच्याकडे पाहिलं. ती हायड्रोजनची रेषा ३.५६ मायक्रॉनवर स्वच्छ दिसली, जी जमिनीवरून नीट मोजता येत नव्हती. रेषा बारीक नाही, चांगली रुंद पसरलेली आहे. कारण कृष्णविवराभोवतीचा वायू सेकंदाला काही हजार किलोमीटर वेगाने फिरतो, थोडा आपल्याकडे येतो, थोडा लांब जातो, आणि रेषा दोन्ही बाजूंना फाकते. रुंदीवरून वेग कळतो. उजेडावरून वायू कृष्णविवरापासून किती अंतरावर आहे याचा अंदाज येतो. वेग आणि अंतर हाती आलं की मधल्या कृष्णविवराचं वजन काढता येतं. प्रसिद्ध झालेलं उत्तर आहे सुमारे १० अब्ज सूर्य. त्याच पाहणीत आसपासच्या आभाळात त्या काळातल्या ११७ दीर्घिकाही सापडल्या.

हे वजन आपल्या मुलांनी काढलं होतं. दुसऱ्या वर्षाच्या तीन मुलांनी, त्यातल्या दोन मुली. वेबचा डेटा पहिल्या संशोधकांकडे जास्तीत जास्त वर्षभर राहतो, मग तो सगळ्या जगाला खुला होतो. काही निरीक्षणं तर पहिल्या दिवसापासून खुली असतात. फी नाही, शिफारस नाही, कुठल्या देशातून आलात ही विचारणा नाही. सुमारे १० अब्ज डॉलर खर्चून गोळा केलेला उजेड सांगली जिल्ह्यातल्या पोरांना फुकट मिळत होता. त्याला लागत होत्या फक्त तीन गोष्टी : एक संगणक, बरं इंटरनेट आणि शनिवारी दुपारी बसायला जागा. मुलं पायथन ही संगणकाची भाषा शिकली, संग्रहातून वर्णपट उतरवला, पार्श्वभूमी वजा केली, रेषेवर वक्र बसवला. पाच महिने लागले. पहिलं उत्तर इतकं चुकलं होतं की एक मुलगी रडली. रुंदी मोजताना तिने ऑक्सिजनच्या शेजारच्या रेषा वेगळ्या काढल्याच नव्हत्या. मग पुन्हा केलं. शेवटी उत्तर आलं ८ अब्ज सूर्य. प्रसिद्ध आकडा १० चा. अशा मोजमापात एवढा फरक पडतो. त्या दिवशी आम्ही कॉलेजसमोरच्या गाड्यावरून भडंग आणलं.

त्यानंतर फळ्यावर मी माझ्या धंद्याचं गणित मांडलं. कृष्णविवर वाढतं ते चक्रवाढ व्याजाने. जास्त खाल्लं तर उजेडही जास्त बाहेर पडतो, आणि तो उजेडच येणाऱ्या वायूला मागे ढकलतो, म्हणून व्याजदराला एक कमाल मर्यादा आहे. त्या मर्यादेने ठेव दुप्पट व्हायला साधारण ३ कोटी वर्षं लागतात. समजा सुरुवातीची ठेव एका मेलेल्या मोठ्या ताऱ्याची, १०० सूर्य. ती १० अब्ज व्हायला २६-२७ वेळा दुप्पट व्हावी लागेल. म्हणजे ऐंशी कोटी वर्षं, एकही दिवस खाडा न करता. आणि त्या प्रकाशाच्या वेळी विश्वाचं वय नव्वद कोटी वर्षांचंही नव्हतं. त्यातही पहिले तारे जन्माला यायलाच दहा-वीस कोटी वर्षं गेलेली. खातं जुळत नाही. एक तर सुरुवातीची ठेव फार मोठी होती, तारा न बनताच वायूचा प्रचंड ढग सरळ कोसळला असेल. किंवा काही काळ मर्यादेपेक्षा जास्त दराने व्याज मिळालं असेल. जगभरचे लोक आज यावर काम करत आहेत. ही मोठी ठेव कशी तयार होते याचा सिद्धांत मांडणाऱ्यांत आपल्या देशात वाढलेल्या प्रियंवदा नटराजन आहेत. २०२३ मध्ये चंद्रा आणि वेब या दोन दुर्बिणींनी मिळून यूएचझेड १ या दीर्घिकेत जे कृष्णविवर पकडलं, महास्फोटानंतर, म्हणजे विश्वाच्या सुरुवातीनंतर, ४७ कोटी वर्षांतलं, ते त्या सिद्धांताशी मिळतंजुळतं आहे.

ज्या प्रश्नाचं उत्तर कुणाकडेच पक्कं नाही, त्या प्रश्नापर्यंत आपल्या कॉलेजची एकोणीस वर्षांची मुलं स्वतःच्या पायांनी पोचली होती. एवढंच मला सांगायचं आहे. बाकीचं सगळं या वाक्याभोवतीचं आहे.

आता तक्रारी.

पहिली. निर्णयाआधी विभागाला विचारलं नाही, विद्यार्थ्यांना विचारलं नाही. मी कर्मचारी नाही, मला विचारायचं बंधन नव्हतं हे मान्य. पण विभागप्रमुखांनाही सूचना फलकावरच वाचायला मिळाली. ठरावाची प्रत आजवर कुणी दाखवलेली नाही.

दुसरी, आणि ही मला सर्वांत जास्त लागली. संगणक प्रवेश कक्षात हलवताना त्यांच्या हार्डडिस्क फॉरमॅट केल्या. त्यात त्या तीन मुलांचं सगळं काम होतं. वर्णपट, प्रोग्रॅम, वह्यांतून टाइप केलेल्या नोंदी, आविष्कार संशोधन स्पर्धेसाठी तयार केलेला मजकूर. निम्मं माझ्या पेनड्राइव्हवर होतं, निम्मं गेलं. मूळ डेटा पुन्हा उतरवता येतो, तो कुठे जात नाही. पण त्या पोरांचे पाच महिने पुन्हा उतरवता येत नाहीत. यंत्र उचलण्याआधी "यात काही हवंय का?" असं कुणी विचारलं असतं, तर अर्ध्या तासाचं काम होतं. हप्त्यावर घेतलेला माझा संगणकही त्यातच गेला. त्याची पावती अर्जाला जोडली आहे.

तिसरी, "विद्यार्थीसंख्या अपुरी". गेल्या वर्षी खगोलभौतिकीच्या पेपरला अकरा जण होते, त्यांतल्या सात मुली. अकरा हा आकडा लहान आहे, मी नाकारत नाही. पण प्रवेशाच्या वेळी विषयांच्या माहितीपत्रकात हा पेपर दोन वर्षं छापलाच गेला नव्हता. जे दुकान बंद आहे अशी पाटी लावली आहे, तिथे गिऱ्हाईक आलं नाही म्हणून दोष कुणाचा? नव्या शैक्षणिक धोरणात विद्यार्थ्याने प्रकल्प करावा, संशोधनाला हात घालावा, असं म्हटलं आहे. आपल्याकडे ते आधीच चालू होतं.

चौथी, उपयोगाची. बैठकीत एका सन्माननीय सदस्यांनी विचारलं असं कळलं, की ऊस-द्राक्षाच्या जिल्ह्यात क्वेसारचा उपयोग काय. प्रश्न विचारणं गैर नाही. उत्तर देते. दूध संघात फॅट मोजणारी कितीतरी यंत्रं अवरक्त प्रकाशावर चालतात. उपग्रहावरून उसाची आणि द्राक्षबागेची तब्येत बघतात, तीही अवरक्तात. गोंगाटातून बारीक खूण वेगळी काढायची हातोटी ज्याला आली, त्याला पुढे कुठेही काम मिळतं, आणि आमच्या खोलीतल्या चौघांना ते मिळालं आहे. हे सगळं खरं आहे. पण मी यावर अडून बसणार नाही, कारण मुलं या कारणासाठी येत नव्हती. शनिवारी दुपारी, घरी कामं पडलेली असताना, रिकाम्या पोटी पंचवीस किलोमीटरवरून मुलगी येते ती दूध संघातल्या नोकरीसाठी येत नाही. तिला बघायचं असतं. शिक्षणसंस्थेने त्या बघण्याला उपयोगाची पावती मागू नये, एवढं मला वाटतं.

पाचवी लिहू की नको, असं झालं होतं. २० मे २०२५ ला डॉ. जयंत नारळीकर पुण्यात गेले. शेजारच्या कोल्हापुरात जन्मलेला हा माणूस, क्वेसारवर आयुष्यभर विचार केलेला. क्वेसारची ताम्रसृती विश्वाच्या प्रसरणामुळेच असते हे बहुतेकांचं मत होतं, पण ते त्यांनी डोळे झाकून मानलं नाही. हॉईल आणि बर्बिज या खगोलशास्त्रज्ञांसोबत ते वेगळी शक्यता मांडत राहिले, पुरावा मागत राहिले. पुढे पुरावा दुसऱ्या बाजूला जमत गेला. २०२३ मध्ये तर वेबने जे ०१००+२८०२ इतक्याच दूरच्या दोन क्वेसारांभोवतीचे त्यांच्या दीर्घिकांचे तारेही टिपले. तरी एकट्याने उभं राहून प्रश्न विचारायचा असतो, हे आम्ही त्यांच्याकडूनच शिकलो. आपल्या सभागृहात त्यांची शोकसभा झाली. फोटोला हार होता, भाषणं झाली, ग्रामीण भागातून शास्त्रज्ञ घडावेत असं व्यासपीठावरून बोललं गेलं. मी तिसऱ्या रांगेत होते. मला ते शब्द खरे वाटले होते. तीन आठवड्यांनी फलकावर ती सूचना लागली.

एक गोष्ट स्पष्ट करते. स्पर्धा परीक्षेच्या मुलांशी माझं भांडण नाही. मीही दोन वर्षं त्याच पुस्तकांत डोकं घालून बसले होते. त्यांना अभ्यासिका हवीच आणि ती स्वस्तात हवी. पण तिच्यासाठी जुन्या इमारतीतला मागचा हॉल रिकामा आहे. त्यात सध्या मोडकी बाकं आहेत. ती हलवायला आम्ही मुलांसह श्रमदान करू, हे पहिल्याच अर्जात लिहिलं आहे.

मागण्या अशा :

खोली क्रमांक १४ परत द्यावी. ती देणं शक्यच नसेल तर वीज, इंटरनेट आणि कुलूप असलेली दुसरी कोणतीही खोली शनिवारी दुपारी अडीच ते साडेपाच द्यावी. फक्त आठवड्यातले तीन तास.

चारही हार्डडिस्क प्रवेश कक्षातून काढून आमच्या ताब्यात द्याव्यात, आणि तोवर त्यांवर नवं काही साठवू नये. फॉरमॅट केलेला मजकूर पुष्कळदा परत मिळवता येतो, पण जसजसं वर नवं लिहिलं जातं तसतशी शक्यता कमी होते. खर्च मी करीन. दोन महिने गेले आहेत, म्हणून या मागणीला घाई आहे.

खगोलभौतिकीचा पेपर निदान आत्ताच्या दुसऱ्या वर्षाच्या मुलांसाठी चालू ठेवावा, आणि पुढच्या माहितीपत्रकात तो छापावा.

ठरावाची प्रत विभागाला द्यावी आणि पुढच्या बैठकीत त्या तीन विद्यार्थ्यांना दहा मिनिटं बोलू द्यावं. मला नाही, त्यांना. त्यांनी काय मोजलं ते त्यांच्याच तोंडून ऐका आणि मग ठरवा.

भिंत आम्ही पुन्हा आखून घेऊ. त्यासाठी संस्थेचा रंगसुद्धा लागणार नाही.

तोपर्यंत आमचं काम थांबलेलं नाही. जुलैपासून आम्ही खोलीबाहेरच्या व्हरांड्यात बसतो. एक लॅपटॉप आहे, त्याची बॅटरी दोन तास पुरते, इंटरनेट माझ्या मोबाइलवरून. गेल्या शनिवारी पाऊस आडवा आला म्हणून जिन्याखाली सरकलो. रडलेल्या मुलीने ऑक्सिजनच्या रेषा पुन्हा वेगळ्या काढायला घेतल्या आहेत, अजून दोन राहिल्यात. येत्या शनिवारीही अडीच वाजता आम्ही तिथेच असू. सदस्यांपैकी कुणाला यावंसं वाटलं तर जरूर यावं.

आपली नम्र,
भौतिकशास्त्र विभागाची एक माजी विद्यार्थिनी
जि. सांगली